पुस्तके द्या, पण व्याजासकट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एक छायाचित्र आले होते. विधी महाविद्यालयाच्या पायऱ्यांवर पुस्तकांच्या थप्प्या, मागे दिवंगत वकीलसाहेबांचे कुटुंबीय, शेजारी प्राचार्य आणि मधे शाल-श्रीफळाचे तबक. खाली ओळ होती, ‘साडेतीन हजार ग्रंथांचे दान’. बातमी वाचून बरे वाटले. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचे वाचून ही बाई कुरकुरी दिसते असा समज व्हायचा. फोटोत ग्रंथपाल मात्र कुठे दिसला नाही. तो बहुधा आत टेप घेऊन फळ्या मोजत असणार. माझे म्हणणे एवढेच, की पुस्तकांबरोबर एक ठेवही द्यावी, जिच्या व्याजातून नवी पुस्तके घेता येतील.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विधी महाविद्यालयात ३१ वर्षे ग्रंथपाल होते. २०१९ साली निवृत्त झाले. या काळात वकिलांच्या घरून आलेली पुस्तके किती वेळा उतरवून घेतली, याचा हिशेब नाही. वकील गेले की वर्षभरात घरच्यांना कपाटे खुपू लागतात. नातवंडांचा वकिलीशी संबंध नसतो, घर बिल्डरकडे जायचे असते, आणि रद्दीवाल्याला द्यायला जीव धजत नाही. मग महाविद्यालयाची आठवण होते. यात गैर काही नाही. आमच्या ग्रंथालयातली कितीतरी चांगली पुस्तके अशीच आलेली होती.

१९९७ च्या जुलैतली गोष्ट. भर पावसात एक टेम्पो फाटकाशी येऊन थांबला. ताडपत्रीखाली ४३ पोती. सोबत वकीलसाहेबांचे चिरंजीव, पुण्याला कारखान्यात अधिकारी. “मॅडम, बाबांची आयुष्याची कमाई आहे ही. परवा घराचा ताबा द्यायचाय,” एवढे बोलून ते गप्पच झाले. प्राचार्यांनी फोनवर होकार देऊन टाकला होता, त्यामुळे मला कुणी काही विचारण्याचा प्रश्नच आला नाही. व्हरांड्यात पोती रचली आणि आमचा शिपाई आणि मी महिनाभर ती एकेक करून सोडत बसलो.

काय नव्हते त्यात! एआयआरचे, म्हणजे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ या निवाडे छापणाऱ्या नियतकालिकाचे बांधीव खंड, ज्याचे आमच्याकडे आधीच दोन संच होते. दरवर्षी बदलणारी आयकराची कोष्टके, पंधरा-पंधरा वर्षांपूर्वीची. एकाच छोट्या कायद्याच्या सात-सात आवृत्त्या. कायद्याची पुस्तके विकणाऱ्या दुकानांच्या डायऱ्या, पक्षकारांच्या घरच्या लग्नपत्रिका, आणि एका पोत्याच्या तळाशी पितळी अडकित्ता. अडकित्ता परत पाठवला. सगळी मिळून १,२६० पुस्तके भरली. दाखल नोंदवहीत चढवण्याजोगी निघाली २१२.

आणि एका पोत्यात वाळवी होती. आम्हाला कळले दिवाळीच्या सुट्टीनंतर. तोवर ती भिंतीने चढून आमच्याच रॅकच्या खालच्या फळीवर पोहोचली होती. बॉम्बे लॉ रिपोर्टर हे निवाड्यांचे नियतकालिक १८९९ पासूनचे, त्याचे जुने ११ खंड तिने फस्त केले. वरून पुठ्ठे शाबूत, हातात घेतले की आतून मातीचा भुगा. दान घेण्याच्या नादात घरचे गेले. तेव्हापासून मी नियमच केला, की बाहेरून आलेले पुस्तक आधी पंधरा दिवस वेगळ्या खोलीत राहील. वेगळी खोली म्हणजे जिन्याखालची जागा, पण नियम तो नियम.

लोकांना वाटते, पुस्तक फुकट आले की काम झाले. ते फळीवर उभे राहीपर्यंत त्याची नोंद करायची, वर्गांक द्यायचा, पाठीवर चिठ्ठी चिकटवायची, शीर्षकपानावर आणि आमच्या रिवाजाप्रमाणे ५१ व्या पानावर शिक्का मारायचा. फाटले असेल तर बाइंडरकडे पाठवायचे. ते कालबाह्य झाले तर काढून टाकण्यासाठी निर्लेखनाचा ठराव करायचा, समिती बसवायची, सह्या घ्यायच्या. आत घेताना एक सही लागते, बाहेर काढताना पाच. या सगळ्यासाठी ४३ पोत्यांबरोबर एक रुपयाही आला नव्हता. टेम्पोचे भाडेसुद्धा महाविद्यालयाने दिले.

आता त्याच पोत्यांची दुसरी बाजू. तपकिरी कागदाचे कव्हर घातलेली एक प्रत निघाली, १९४८ च्या कूळकायद्याची. वकीलसाहेबांनी तिच्यात प्रत्येक दुरुस्तीची चिठ्ठी खळीने त्या-त्या कलमाशेजारी डकवली होती आणि समासात पेन्सिलीने राजपत्राची तारीख टाकली होती. अक्षर इतके बारीक, की भिंग घ्यावे लागे. सोबत १८७४ चा वतन कायदा, १९५० चा परगणा व कुलकर्णी वतने नष्ट करण्याचा कायदा, आणि जिल्ह्यातल्या जुन्या निवाड्यांच्या हाताने उतरवलेल्या नकला, पुठ्ठ्याच्या फाइलीत, नाडीने बांधलेल्या. हे बाजारात कुठेच विकत मिळत नाही.

२०११ साली एक तरुण वकील मुलगी आली. आमचीच माजी विद्यार्थिनी. तिच्याकडे जमिनीचा दावा होता आणि तिला कूळकायद्यातले एक कलम १ एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे कूळ मालक झाले त्या दिवशी, नेमके कोणत्या शब्दांत होते ते हवे होते. इंटरनेटवर आजचा कायदा मिळतो, सगळ्या दुरुस्त्या पोटात घेतलेला. त्या दिवशीचा शोधायला बसले की दिवस जातो. मी तिला ती तपकिरी प्रत काढून दिली. मुलीने चिठ्ठ्या एकेक करून अलगद उचलल्या, खालचा मजकूर वाचला, पुन्हा होत्या तशा बसवल्या. तीन दिवस येत होती. दाव्याचा निकाल काय लागला, ते विचारायचे राहूनच गेले.

म्हणून वकिलांच्या घरच्यांना माझे सांगणे असते, की छापील आणि सगळीकडे मिळणारे आधी बाजूला काढा. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे २०२३ च्या जानेवारीपासून ई-एससीआरवर, म्हणजे त्या न्यायालयाच्याच ऑनलाइन संग्रहात, कुणालाही फुकट वाचता येतात. एआयआरच्या पाचव्या संचाची गरज कुठल्याही महाविद्यालयाला नाही. वकीलसाहेबांच्या हाताचे जे आहे ते द्या. समासातल्या खुणा, नकला, गावठाणाचे नकाशे, स्थानिक निवाडे. तेवढ्यासाठी पोती लागणार नाहीत, एक पत्र्याची ट्रंक पुरते.

‘बाबांचा संग्रह एकत्र ठेवा, वेगळे कपाट करा, वर फोटो लावा’ ही अटही नेहमीची. बाबासाहेब आंबेडकरांची पुस्तके मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात आहेत. अशा माणसाचा संग्रह एकत्रच राहायला हवा, कारण कोणते पुस्तक कोणत्या पुस्तकाशेजारी होते यालाही तिथे अर्थ आहे. पण प्रत्येक वकील म्हणजे बाबासाहेब नव्हे. आमच्याकडे अशी चार कपाटे होती. त्यातल्या एकाची किल्ली २००३ पासून सापडत नाही.

२०२४ च्या जुलैत तर कहरच झाला. १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्या दोन भावंडांचा, म्हणजे तीन नव्या फौजदारी कायद्यांचा, अंमल सुरू झाला आणि गावोगावच्या वकिलांनी जुनी दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता, पुराव्याचा कायदा यांवरची भाष्ये घराबाहेर काढली. माझ्या जागी आलेला मुलगा मला अजून फोन करतो. “बाई, आठ दिवसांत तीन जण पुस्तकं घेऊन आले. घेऊ का नको?” मी म्हटले, शेवटच्या आवृत्तीच्या दोन प्रती ठेव, बाकी हात जोड. ३० जूनपर्यंत घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंडसंहिता लागणार. ते खटले आणि त्यांची अपिले अजून बरीच वर्षे चालतील, तेव्हा जुने अगदी फेकून चालणार नाही. पण नव्या संहितांवरची भाष्ये ताबडतोब हवीत आणि ती कोणीही दान देत नाही, कारण ती कोणाच्याच माळ्यावर नाहीत. ती विकतच घ्यावी लागतात. पैसे कुठून आणायचे?

इथेच माझ्या पत्राचा खरा विषय आहे.

वकिली आणि कायद्याचे शिक्षण यांचे नियम करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत विधी ग्रंथालयाचा किमान दर्जा लिहिलेला आहे. ठरावीक नियतकालिकांचे निदान १० वर्षांचे मागचे खंड, विद्यार्थ्यामागे १० पुस्तके, आणि वर्षाचा किमान खर्च एका अभ्यासक्रमाला ५०,००० रुपये, तीन आणि पाच वर्षांचे दोन्ही असतील तर १ लाख. एखादे बऱ्यापैकी भाष्य आज दोन-दोन खंडांत येते आणि काही हजारांना पडते, हे ज्याला माहीत आहे त्याला या आकड्यांत काय बसते ते कळेल. लहान संस्था हा किमान आकडाच कमाल धरतात. त्यापलीकडे जे काही घ्यायचे, ते देणगीतूनच.

१९९२ साली एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ आमच्या महाविद्यालयात शिकला, सनद घेतली आणि तिसऱ्या वर्षी अपघातात गेला. बाईंनी भविष्यनिर्वाह निधीतले २५,००० रुपये आणले होते, आणि वहीच्या पानावर लिहिलेली चार वाक्ये. मुद्दलाला हात लावू नये. व्याजातून दरवर्षी मुलांना लागतील ती पुस्तके घ्यावीत. कोणती, ते ग्रंथपालांनी ठरवावे. माझी परवानगी विचारू नये. हे पान मी लॅमिनेट करून टेबलाच्या काचेखाली ठेवले होते. मोठमोठ्या वकिलांनी केलेली दानपत्रे मी वाचली आहेत, इतकी शहाणी अट एकातही पाहिली नाही.

तेव्हा बँक ११ टक्के देत होती. वर्षाला २,७५० रुपये. त्या काळात त्यात मुल्लांचा ‘हिंदू कायदा’ हा प्रमाणग्रंथ, करारावरचे एखादे भाष्य, शिवाय मुलांसाठी पाच-सहा मराठी पुस्तके सहज बसत. शीर्षकपानावर भावाच्या नावाचा जांभळा शिक्का. बाई दर जूनमध्ये यायच्या, त्या वर्षीची पुस्तके बघायच्या. कुणाच्या नावावर किती वेळा गेलीत ते तारखेच्या चिठ्ठीवर बोटाने मोजायच्या आणि चहा न घेताच जायच्या.

मी निवृत्त होताना त्याच ठेवीवर साडेसहा टक्के मिळत होते. १,६२५ रुपये. त्यात धड एक भाष्य येत नव्हते, म्हणून शेवटची काही वर्षे मी त्या रकमेतून जुनी पुस्तके बांधून घेतली आणि शिक्का बांधणीवर मारला. मुद्दलाला हात लावला नाही खरा, पण महागाईने लावला. यात चूक बाईंची नाही, आमची. व्याज जास्त होते तेव्हाच त्यातला चौथा हिस्सा आम्ही मुद्दलात परत टाकत गेलो असतो, तर आज ती ठेव अंग धरून असती. अमेरिकेतली विद्यापीठे हेच करतात. कायमनिधीच्या किमतीच्या साधारण चार-पाच टक्के दरवर्षी खर्च करायचे आणि वरचे वाढू द्यायचे. तिथल्या विधी ग्रंथालयांत एकेका विषयाचे असे निधी असतात आणि त्यातून आलेल्या पुस्तकावर देणगीदाराच्या नावाची चिठ्ठी असते. आमचा जांभळा शिक्का तोच, फक्त हिशेब कच्चा.

आपल्याकडे असे निधी नव्हतेच असे नाही. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार टागोर १८६८ साली वारले. सदर दिवाणी अदालतीतले, म्हणजे कंपनीच्या काळातल्या वरिष्ठ दिवाणी न्यायालयातले, नामांकित सरकारी वकील. त्यांनी मृत्युपत्रात कलकत्ता विद्यापीठाला कायद्याच्या व्याख्यानांसाठी रक्कम नेमून दिली, आणि व्याख्याने छापून त्यांच्या किमान ५०० प्रती फुकट वाटाव्यात अशी अट घातली. गंमत अशी, की याच मृत्युपत्रात त्यांनी ख्रिस्ती झालेल्या मुलाला वगळून आपला जमीनजुमला पुढच्या, अजून न जन्मलेल्या पिढ्यांपर्यंत बांधून ठेवायचा बेत केला होता. तो खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेला आणि १८७२ साली तेवढा बेत मोडला. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने टागोर विरुद्ध टागोर घोकलेले असते. व्याख्यानांचा निधी मात्र टिकला. रासबिहारी घोषांचे गहाणावरचे, गुरुदास बॅनर्जींचे विवाह आणि स्त्रीधनावरचे पुस्तक या व्याख्यानांतून आले. बी. के. मुखर्जींचे धर्मादाय न्यासांवरचे पुस्तकही त्यातलेच. म्हणजे धर्मादाय निधीवरचे प्रमाण पुस्तक एका धर्मादाय निधीच्या पैशांतून जन्मले, आणि आमच्याकडची त्याची प्रत कुणाच्या तरी देणगीतून आली. ही साखळी मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगायचे. निम्मी जांभया देत.

मुंबईत व्यापारी प्रेमचंद रायचंदांनी १८६४ साली विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख दिले आणि मागाहून मनोऱ्यासाठी आणखी २ लाख. मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव, राजाबाई. आज रस्त्यावरच्या कुणालाही विचारा, मनोरा माहीत असतो. देणगीदारांचे मन अजूनही तिकडेच ओढ घेते. दालनाला, फरशीला, पंख्याला पैसे मिळतात, कारण तिथे नाव कोरता येते. निवाड्यांच्या ऑनलाइन वर्गणीला कुणी पैसे देत नाही. पाटी लावायची कुठे? आणि ती वर्गणी एक वर्ष थकली, की दुसऱ्या दिवशी पडद्यावर काही नसते. पुस्तकाचे निदान धूड तरी उरते.

अटींबद्दल एक किस्सा. कुणी एक उदार गृहस्थ एका विशिष्ट इंग्रजी नियतकालिकासाठीच निधी ठेवून गेले. त्यातून दुसरे काहीही घेऊ नये, असे स्पष्ट लिहून. पुढे ते छापील स्वरूपात मिळायचे थांबले. पैसे बँकेत वाढत होते आणि मुले जुन्या नोट्सच्या झेरॉक्स काढत होती. मूळ हेतू पुरा करणे अशक्य झाले तर त्याच्या शक्य तितक्या जवळच्या कामासाठी पैसे वापरण्याची सोय कायद्यात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचे कलम ५५. वकील मंडळी त्याला सी-प्रे म्हणतात. पण त्यासाठी धर्मादाय आयुक्त, मग कोर्ट, आणि मुळात विश्वस्तांना उठून अर्ज करायची इच्छा हवी. कायदा शिकवणाऱ्या संस्थेतही ती इच्छा मी असेपर्यंत कुणाला झाली नाही. दानपत्रात ‘हे शक्य नसल्यास ग्रंथालयाला उपयुक्त अशा अन्य कामी’ एवढे शब्द असते तर एकही अर्ज लागला नसता.

आणखी एक, कारण घरचे लोक हे हमखास विचारतात. आयकरातली ज्याला सगळे ८०-जी म्हणतात ती सवलत पैशाच्या देणगीला आहे, पुस्तकांना नाही. साडेतीन हजार ग्रंथ दिले म्हणून पावती मिळेल, सवलत मिळणार नाही. रोख दिले तर २,००० रुपयांपर्यंतच. तेव्हा चेक द्या, संस्थेकडे ती मान्यता आहे का ते आधी विचारा, आणि पावतीवर ‘कायमनिधीसाठी’ असे लिहून घ्या. नाहीतर तो पैसा वर्षअखेरीला रंगरंगोटीत जातो. मी जाताना पाहिला आहे.

फोटोतल्या त्या कुटुंबाला मी ओळखत नाही. त्यांना वाईट वाटावे म्हणून हे लिहिलेले नाही. साडेतीन हजार पुस्तके दिलीच आहेत, तर वकीलसाहेबांच्या नावाने एक ठेवही ठेवावी. ५ लाखांवर ७ टक्क्यांनी ३५,००० येतात. २५,००० ची पुस्तके घ्यावीत, १०,००० मुद्दलात घालावेत. ५ लाख जमत नसतील तर ५०,०००, पण अटी त्या शिक्षिकाबाईंसारख्या. आणि पोती अजून सोडली नसतील तर ग्रंथपालाला सांगावे, की ती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेव आणि तळाची आधी बघ.

माझा पत्ता आणि फोन आपल्या कार्यालयात आहे, तो त्या कुटुंबाला जरूर द्यावा. कोणते ठेवायचे, कोणते परत न्यायचे, याची यादी करायला मी येईन. गुडघे दुखतात, तेव्हा पुस्तके टेबलावर आणून ठेवणारे कुणीतरी हवे. रविवार सोडून कोणताही वार चालेल.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल
(नाव व गाव छापू नये, ही विनंती.)